पायाखाली काय आहे? भूविज्ञान शिकवण्याची साधने शोधताना आणि वाटून घेताना



मागच्या अंकानंतर काही वाचकांनी विचारले, की वसतिगृहातल्या मुलांना विज्ञान शिकवण्यासाठी कोणते साहित्य पाठवावे. एका ताईंनी तर दुकानातून तयार पेटी घेऊन पाठवण्याची तयारी दाखवली. त्यांच्या प्रेमाबद्दल आभार. पण या प्रश्नाचे उत्तर चार ओळींत देता येईना, म्हणून हा लेख लिहीत आहे. मी बत्तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर डहाणू तालुक्याच्या पूर्वेकडील डोंगरपट्ट्यात, वारली मुलामुलींच्या एका वसतिगृहात संध्याकाळचे वर्ग घेते. खडक, माती, पाणी आणि भूकंप या विषयांपुरते मी जे शिकले, त्यातले बरेचसे या मुलांकडूनच शिकले, ते इथे सांगते. आपल्या गावी, आपल्या मंडळीतल्या मुलांबरोबरही हे करून पाहता येईल.

ज्या रात्री माझे उत्तर संपले

२०१८ च्या नोव्हेंबरापासून आमच्या डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे धक्के बसू लागले. एक मोठा धक्का आणि मग शांतता, असे ते नव्हते. लहान लहान धक्के, कधी दिवसाला एक, कधी एका रात्रीत कितीतरी. १ फेब्रुवारी २०१९ रोजी त्यांतला एक ४ तीव्रतेच्या थोडा वर गेला. त्या दिवसांत घाबरून पळताना पडल्यामुळे एका दोन वर्षांच्या मुलीचा जीव गेला. पाड्यापाड्यांतली माणसे ऐन थंडीत घराबाहेर झोपू लागली. आम्हीही मुलांना घेऊन अंगणात गोधड्या टाकल्या.

अशाच एका रात्री सातवीतली एक मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली. तिने जमिनीला तळहात लावला आणि विचारले, “बाई, खाली काय आहे?”

‘पृथ्वीचे अंतरंग’ हा धडा मी इतकी वर्षे शिकवला होता. कवच, प्रावरण, गाभा. फळ्यावर तीन रंगांच्या खडूंनी अर्धी कापलेली पृथ्वी. ते सगळे मी तिला सांगितले. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, “ते पुस्तकातलं. इथं, या अंगणाखाली काय आहे?”

मला सांगता आले नाही. त्या रात्री मला कळले, की मी पृथ्वी शिकवत होते, जमीन नव्हे.

आधीची पेटी

आमच्याकडे साधने नव्हती असे नाही. कपाटात खडकांच्या नमुन्यांची एक सुंदर पेटी होती. कोणा दात्याने प्रेमाने दिलेली. मखमली कप्प्यांत संगमरवर, ग्रॅनाइट, वालुकाश्म, कोळसा, अभ्रक. प्रत्येकावर चिकटवलेला क्रमांक आणि झाकणाच्या आत नावांची यादी. मुलांनी यादी पाठ केली होती. एका पावसाळ्यात दमटपणामुळे क्रमांक गळून पडले, आणि त्यानंतर मुलांना काय, मलाही दोन नमुने ओळखता येईनात. म्हणजे आम्ही दगड शिकत नव्हतो, चिकटपट्ट्या शिकत होतो. यात पेटीचा दोष नव्हता. आपल्या दारातला दगड तिच्यात नाही, हे मी कधी तपासलेच नव्हते.

म्हणून साधन निवडताना मी आता चार गोष्टी विचारते. ते आमच्या जमिनीबद्दल काही सांगते का? मुलांना ते हातात घेता येते का? वीज आणि इंटरनेट नसताना चालते का? मोडले किंवा हरवले, तर इथल्या इथे पुन्हा करता येते का? चारही उत्तरे ‘हो’ आली तर फारच चांगले. दोन आली तरी चालते. एकही आले नाही, तर ती वस्तू शोभेची.

पहिला धडा: प्रत्येकाने एक दगड आणावा

ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चांगली सुरुवात. प्रत्येक मुलाने घराजवळून, शेतातून किंवा ओहोळातून मुठीत मावेल असा एक दगड आणायचा. कुठून आणला ते कागदावर लिहायचे. मग सगळे दगड गोणपाटावर ओतायचे आणि मुलांना सांगायचे, “यांचे गट करा.” कसे करायचे ते सांगायचे नाही. कोणी रंगावरून करतो, कोणी वजनावरून, कोणी भोके आहेत की नाहीत त्यावरून. प्रत्येक गटाने आपले कारण सांगायचे. नावे शेवटी.

आमच्या गोणपाटावर नेहमी चार ढीग पडतात. पहिला, जड, काळा, घट्ट दगड. दुसरा, भोके असलेला, काही भोकांत पांढरे किंवा हिरवट खडे भरलेला. तिसरा, हातानेही चुरा होणारा तांबूस-पिवळा मुरूम. चौथा, चमकणारे गारगोट्यांसारखे खडे, जे मुले आधीपासूनच खिशात जपून ठेवतात.

आता गोष्ट सांगायची. हे चारही एकाच घराण्यातले. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी या प्रदेशात जमिनीच्या भेगांतून तप्त लाव्हा बाहेर पडला. थरावर थर साचले. आज महाराष्ट्राचा बराचसा भाग आणि शेजारच्या राज्यांचे काही भाग मिळून सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर हा खडक, म्हणजे बेसॉल्ट, पसरलेला आहे. याला दख्खनचा ट्रॅप म्हणतात. ‘ट्रॅप’ हा शब्द पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. सह्याद्रीकडे लांबून पाहिले, की पायऱ्या दिसतातच. लाव्हाच्या थराचा मधला भाग सावकाश थंड होऊन घट्ट झाला. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांची भोके राहिली. पुढे पाणी झिरपून त्या भोकांत खनिजे जमली, तेच मुलांच्या खिशातले खडे. आणि ऊन-पावसाने कुजून झाला तो मुरूम.

ओळखण्यासाठी महागडे काही लागत नाही. लोखंडी खिळ्याने ओरखडा उठतो का ते पाहावे. गारगोटीवर उठत नाही, कॅल्साइटवर उठतो. खड्याची थोडी पूड करून तिच्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाकावे. बुडबुडे आले तर तो कॅल्साइट असण्याची शक्यता मोठी. तुलनेसाठी अंड्याचे कवच आणि समुद्रावरचा शिंपला ठेवावा, कारण त्यांतही तोच पदार्थ आहे. फळ्याचा खडू मात्र वापरू नये. तो बहुधा जिप्समचा असतो आणि फसफसत नाही. मी पहिल्यांदा खडूच वापरला आणि मुलांसमोर फजिती झाली. ती चूकही आता आमच्या वहीत लिहून ठेवली आहे.

दुसरा धडा: दगड पाणी पितो का?

आमच्या बाजूच्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तरीही एप्रिल आला, की बायका आणि मुली हंडे घेऊन दूर दूर चालतात. असे का, हा प्रश्न आमच्या मुलींना पुस्तकात शोधावा लागत नाही. त्यांच्या डोक्यावरच तो असतो.

यासाठी आम्ही किराणा दुकानातला तराजू एका दिवसासाठी मागून आणतो. घट्ट काळा दगड आणि कुजलेला, भोके असलेला दगड कोरडे वजन करून रात्रभर बादलीत ठेवायचे. सकाळी वरचे पाणी पुसून पुन्हा वजन करायचे. काळ्या दगडाचे वजन जवळपास तेवढेच राहते, कुजलेल्याचे वाढते. मग पाण्याच्या तीन रिकाम्या बाटल्या अर्ध्यात कापून, तोंडाला फडके बांधून उलट्या ठेवायच्या. एकीत मुरूम, दुसरीत शेतातली चिकण काळी माती, तिसरीत नदीची वाळू. प्रत्येकीत एक एक पेला पाणी ओतायचे. कोणत्या बाटलीतून पाणी आधी खाली आले, किती आले आणि किती आतच राहिले, ते मोजून लिहायचे.

यातून मुलांना कळते, की घट्ट बेसॉल्टच्या पोटात पाण्याला जागा नाही. जागा आहे ती भेगांत आणि वरच्या कुजलेल्या थरात. डोंगरउतारावर हा थर पातळ असतो, पाऊस वेगाने वाहून जातो, आणि विहिरीला मिळते ते भेगांतले थोडेसे. बांध, चर, झाडे यांचा उपयोग काय, हे मग वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

याच धड्यातून आमची विहिरीची वही सुरू झाली. सुतळीला हात-हात अंतरावर गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मुले मोठ्या माणसाच्या सोबतीने दोन विहिरींवर जातात आणि पाणी किती गाठींवर लागले ते लिहितात. (मोठे माणूस सोबत असल्याशिवाय हा उपक्रम कृपया करू नये.) राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा अशीच मोजते. आपण करतो ते खेळणे नाही, शास्त्रज्ञ करतात तेच काम आहे, हे कळल्यावर मुलांची पाठ ताठ होते. बांधाजवळच्या विहिरीचे पाणी उतारावरच्या विहिरीपेक्षा सावकाश उतरते, हे मुलांनी स्वतः काढले. गेल्या वर्षी ग्रामसभेत नवी विहीर कुठे घ्यावी यावर बोलणे निघाले, तेव्हा एका मुलाच्या वडिलांनी ती वही मागून नेली आणि त्यातले पान वाचून दाखवले. निर्णय मोठ्यांनी घेतला. पण वही मुलांची होती.

तिसरा धडा: धक्के मोजणे

भूकंपाची भीती समजुतीने जात नाही. कामाने थोडी जाते. आम्ही एक धक्क्यांची वही केली. धक्का बसला, की वेळ लिहायची. टांगलेला कंदील हलला का, भांडी वाजली का, आधी आवाज आला की आधी हादरा, हे लिहायचे. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या यादीशी ते ताडून पाहायचे. आपण लिहिलेली वेळ यादीत सापडली, की वर्गात आनंदाचा गलका होतो. भूकंपाला आनंदाचा गलका! पण त्या क्षणी भूकंप हा अंधारातला अक्राळविक्राळ प्राणी राहत नाही. त्याला तारीख, वेळ आणि आकडा मिळतो.

हादऱ्याच्या लाटा दाखवायला एक लांब दोर आणि दहा मुले पुरतात. मुलांनी ओळीत उभे राहून पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायचे. शेवटच्याला हळूच पुढे ढकलले, की धक्का ओळीतून पुढे जातो. ही पहिली, वेगवान लाट. मग दोर जमिनीवर ठेवून आडवा हलवायचा. सापासारखी लाट जाते. ही दुसरी, मागून येणारी आणि जास्त हलवणारी. आधी गुरगुर आणि मग हादरा का जाणवतो, ते मुलांना यातून समजते.

आकड्यांचाही धडा करावा. तीव्रतेचा आकडा एकाने वाढला, तर बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. दोनने वाढला तर सुमारे हजारपट. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला झालेला भूकंप ६.२ तीव्रतेचा होता. आमच्या भागातल्या मोठ्या धक्क्याच्या तुलनेत त्याची ऊर्जा हजारपटीहून जास्त. तिथे सुमारे दहा हजार माणसे गेली, कारण झोपेच्या वेळी दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाची जड छपरे अंगावर आली. मग मुलांना विचारावे, “तुमच्या आजीचे कारवीच्या कुडाचे, सारवलेले घर पडले, तर काय होईल?” मुले हसतात. हलक्या घराचे शहाणपण त्यांच्या पूर्वजांकडे होते, हे त्यांना कोणी तरी सांगायला हवे होते.

भूकंप कधी येईल हे सांगणारे यंत्र जगात नाही. म्हणून सराव करावा. हादरा सुरू असताना पळू नये. मजबूत टेबलाखाली जाऊन पाय घट्ट धरावा. टेबल नसेल तर आतल्या कोपऱ्यात खाली बसून डोके हातांनी झाकावे. काचा, उंच कपाटे यांपासून दूर राहावे. हादरा थांबला, की रांगेने मोकळ्या जागी यावे. आमच्या मुलांचा हा सराव दर महिन्याला होतो, आणि स्वयंपाकाच्या मावशीही त्यात असतात, कारण चूल विझवण्याचे काम त्यांचे.

चौथा धडा: डोंगर बोलतो तेव्हा

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण डोंगराखाली गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गेली. दोन्ही वस्त्या आदिवासी, दोन्ही पावसाळ्यातल्या. हा धडा मी आवाज न चढवता घेते, कारण आमची बरीच मुले अशाच उतारांवर राहतात.

दोन पसरट घमेली घ्यावीत. दोन्हींत तळाला सपाट दगड, वर माती. एकात महिनाभर आधी नाचणी पेरून ठेवावी, दुसऱ्यात नुसती माती. दोन्ही सारखीच तिरपी करून झारीने पाणी घालावे. नुसती माती आधी घसरते. पण लगेच “झाडे लावली की दरड कोसळत नाही” असे सांगू नये. पाणी घालत राहिले, तर नाचणीचे घमेलेही शेवटी घसरते. मुळे मदत करतात, हमी देत नाहीत.

मग धोक्याच्या खुणा पाठ करून घ्याव्यात. जमिनीला किंवा भिंतीला नवी भेग. झाडे किंवा खांब कलणे. झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होणे किंवा आटणे. नवीच जागा पाझरू लागणे. दारे-खिडक्या अडकू लागणे. मुसळधार पावसात यांतले काही दिसले, तर सामान न गोळा करता उतारापासून बाजूला जावे आणि इतरांना उठवावे. ही यादी आमच्या मुलांनी मोठ्या अक्षरांत लिहून आपापल्या पाड्यांवर नेली. ज्या घरांत कोणाला वाचता येत नाही, तिथे मुलांनी ती वाचून दाखवली.

छापील आणि इंटरनेटवरची साधने

आता जे बाहेरून मिळते, त्याबद्दल. यातले बरेचसे फुकट आहे, फक्त माहीत असावे लागते.

बालभारतीची पुस्तके संगणकावर विनामूल्य उतरवून घेता येतात. जुनी फाटकी पुस्तके घेऊन बसलेल्या मुलांसाठी एवढेही पुष्कळ. पुस्तकांतले चौकोनी कोड मोबाइलने वाचले, की ‘दीक्षा’वरचे पाठ उघडतात. मराठी विश्वकोश इंटरनेटवर खुला आहे. शिक्षकाने स्वतः वाचायला खडक, खनिजे, भूकंप यांवरच्या नोंदी उपयोगी आहेत. टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून विज्ञान शिकवणारे पुण्याचे अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतली पुस्तके आणि चित्रफिती मोफत ठेवलेल्या आहेत. इस्रोच्या ‘भुवन’वर आपला पाडा आकाशातून पाहता येतो. मुले आधी आपले घर शोधतात, मग ओहोळ, मग तो ओहोळ कुठे जातो ते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशेही उतरवून घेता येतात. त्यांवरच्या समोच्च रेषा आणि प्रत्यक्ष डोंगर यांची जोडी लावणे हा एक पूर्ण दिवसाचा धडा आहे. आणि १८५१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे नकाशे ‘भूकोश’ या संकेतस्थळावर आहेत.

आमच्याकडे मोबाइलला रेंज टेकडीवर गेल्याशिवाय मिळत नाही. म्हणून शहरातल्या एका मित्राने हे सगळे एका मेमरी कार्डावर उतरवून, धड्यांप्रमाणे मराठी नावे देऊन पाठवले. हे काम आपल्यातला कोणीही तरुण घरी बसून करू शकतो. एकच काळजी घ्यावी. ज्या साहित्याच्या कर्त्याने मोकळी परवानगी दिली आहे, तेच नकलून वाटावे आणि कर्त्याचे नाव त्यावर कायम ठेवावे. फुकट मिळाले म्हणजे धनी नाही, असे नव्हे.

वाटून घेण्याची रीत

आमच्या भागातली तीन वसतिगृहे मिळून आता दोन पेट्या वापरतात. साध्या पत्र्याच्या. एकीत खडक आणि परीक्षेचे सामान, म्हणजे भिंगे, खिळे, व्हिनेगरची बाटली, तराजू. दुसरीत पाणी आणि भूकंप, म्हणजे दोर, बाटल्या, नकाशे, मेमरी कार्ड. पेटी महिनाभर एका ठिकाणी राहते आणि बाजाराच्या दिवशी पुढे जाते. नियम तीनच. पेटीतून एक वस्तू कमी झाली, तर तशीच एक भरायची. जाताना आपल्या गावचा एक नमुना, ठिकाण लिहून, तीत टाकायचा. आणि पेटीतल्या वहीत काय जमले यापेक्षा काय फसले ते आधी लिहायचे. ही वही मला पेटीहून मोलाची वाटते. खडू फसफसत नाही, काळी माती बाटलीत दाबून भरली तर पाणी संध्याकाळपर्यंत उतरत नाही, नाचणीऐवजी वरईही चालते. हे कुठल्याच पुस्तकात मला सापडले नसते.

ही रीत आमची नवी नाही. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी मिळून १६ माध्यमिक शाळांत विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू केला. मुलांनी प्रयोग स्वतः करायचे, साहित्य साधे आणि स्थानिक, शिक्षकांनी नियमित एकत्र बसून अडचणी मांडायच्या. पुढे ‘एकलव्य’ संस्थेने तो वाढवला आणि २००२ पर्यंत तो शेकडो शाळांत चालला. यातले फ्रेंड्स रूरल सेंटर हे क्वेकर बंधुभगिनींचे केंद्र होते, हे आपल्या वाचकांना कळले तर आनंद होईल.

आणखी मागे गेले, तर नागपूरचे स्टीफन हिस्लॉप आठवतात. १८४५ मध्ये ते स्कॉटलंडहून मिशनरी म्हणून आले, शाळा काढली, आणि सहकारी रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर नागपूर परिसरातले खडक आणि जीवाश्म गोळा केले. लाव्हाच्या थरांमध्ये सापडलेले गोगलगायींचे शंख, वनस्पतींचे अवशेष त्यांनी जपून नोंदवले. गोंड लोकांमध्ये फिरून त्यांच्या लिंगोची कथाही लिहून घेतली. १८६३ मध्ये पुराच्या ओढ्यात त्यांचा अंत झाला. दगडाची वही आणि माणसाची गोष्ट, दोन्ही एकाच झोळीत ठेवणारा हा माणूस मला आमच्या पेटीचा पूर्वज वाटतो.

गोंडांवरून आणखी एक. भारतातल्या जुन्या कोळसा-थरांच्या खडकांना १८७२ च्या सुमारास भूवैज्ञानिक मेडलिकॉट यांनी ‘गोंडवाना’ हे नाव दिले. पुढे ऑस्ट्रियाचे एडुआर्ड झ्यूस यांनी दक्षिणेकडच्या प्राचीन भूखंडालाच ते नाव दिले. आज जगातल्या कोणत्याही भूविज्ञानाच्या पुस्तकात आदिवासींच्या भूमीचे नाव छापलेले असते. हे मी आमच्या मुलांना सांगितले, तेव्हा एकाने नकाशाच्या पुस्तकावर बोट ठेवून ते नाव तीनदा वाचले.

त्या प्रश्नाचे उत्तर

कोयना परिसरात भूकंपांचा अभ्यास करण्यासाठी काही वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांनी सुमारे ३ किलोमीटर खोल छिद्र घेतले. वरचा सुमारे सव्वा किलोमीटर बेसॉल्टचे थर लागले. त्याखाली ग्रॅनाइट. हे वाचले आणि मी त्या मुलीला बोलावले. ती तेव्हा नववीत गेली होती. आम्ही जुनी मखमली पेटी काढली. तिच्यातला ग्रॅनाइटचा तुकडा, जो आमच्या कुणाच्याच उपयोगाचा नाही असे मी म्हणत होते, तो तिच्या हातावर ठेवला. अंगणातला काळा दगड दुसऱ्या हातावर. “कोयनेला वर हा, खाली हा,” मी म्हटले. “आपल्याकडे नेमके किती खोलवर काय, ते तसेच छिद्र घेऊन पाहावे लागेल.”

तिने दोन्ही दगड वजन केल्यासारखे तोलले. मग विचारले, “ते छिद्र घ्यायचं काम कोण करतं? त्याला काय शिकावं लागतं?”

या प्रश्नाचे उत्तर मला येत होते. आता ती विज्ञान शाखेत शिकते आहे. जुनी पेटीही फिरत्या पेट्यांबरोबर जाते, पण तिच्या झाकणावर मुलांनी लिहिले आहे: ‘दूरचे आणि खोलचे दगड’.

आपल्या गटात करून पाहा

१. आपल्या घराच्या शंभर पावलांत मिळणारे तीन वेगळे दगड गोळा करा. त्यांत फरक काय, ते नावे न वापरता एकमेकांना सांगा.

२. आपल्या गावची किंवा मंडळीच्या आवारातली विहीर कोणी मोजते का? वर्षभर मोजून पाहता येईल का?

३. आपल्या घरात हादरा बसला तर कोण कुठे बसेल? मुलांबरोबर एकदा सराव करा.

४. आपल्या घरी पडून असलेले भिंग, होकायंत्र, छोटा तराजू, जुना नकाशा यांपैकी काय आहे? देण्याआधी वरचे चार प्रश्न त्या वस्तूला विचारा.

आणि पाठवायचेच असेल, तर आपल्या गावचा एक दगड पाठवा. कुठे मिळाला, तेवढे कागदावर लिहून. कोकणचा जांभा, विदर्भातला वालुकाश्म, गोव्याचे लोहखनिज, समुद्रकाठची शिंपल्यांची वाळू. टपालाला जेवढा खर्च येईल तेवढाच. पेटीत तुमची जागा राखून ठेवली आहे.